पोरांच्या पाठीशी की पोरांच्या मागे? मिनेसोटा फुटबॉल, डिसेंबर २०१६

ट्रेसी क्लेज नावाच्या कोचचं हे प्रकरण लोक बहुतेक वेळा एका ओळीत सांगून मोकळे होतात, की एक ट्विट केलं आणि नोकरी गेली. मला ते पटत नाही. ट्विट सगळ्यात शेवटी आलं, खरा घोळ त्याआधीच्या दोन दिवसांत झाला होता, आणि तो घोळ मला फार ओळखीचा वाटतो कारण मी स्वतः गेली बारा-तेरा वर्षं कॉलेजच्या कबड्डीच्या पोरांना घेऊन फिरतोय, झोनलला जातो, त्यांच्या आईवडलांचे रात्री अकराला फोन येतात ते मलाच येतात. पोरं आपल्याकडे बघत असतात तेव्हा "मी तुमच्यासोबत आहे" हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं. म्हणून हे प्रकरण नीट, सुरुवातीपासून लिहितोय.

आधी एवढं सांगतो की इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉलचा. मिनेसोटा युनिव्हर्सिटीची टीम, गोल्डन गोफर्स, मिनियापोलिस शहरात खेळते, स्टेडियम ५० हजारांचं, टीममध्ये शंभराच्या वर पोरं, त्यातली बरीच स्कॉलरशिपवर. कोचचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे. आपल्याकडे कॉलेजच्या मैदानावर दोनशे लोक आले तरी आपण खूश होतो, तिथे हा मोठा धंदा आहे आणि कोच हा शहरातला मोठा माणूस असतो, त्याचं एक वाक्य सगळ्या पेपरात जातं.

१ सप्टेंबर २०१६, गुरुवार. सीझनची पहिली मॅच, ओरेगॉन स्टेटविरुद्ध, मिनेसोटाने ३०-२३ ने जिंकली. त्या रात्री उशिरा, म्हणजे २ तारखेच्या पहाटे, कॅम्पसजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये आपल्यावर टीममधल्या अनेक जणांनी लैंगिक अत्याचार केला अशी तक्रार युनिव्हर्सिटीतल्याच एका विद्यार्थिनीने केली. ती मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये काम करणाऱ्या स्टाफपैकी होती, म्हणजे टीमला परकी नव्हती. पोरांपैकी काहींचं म्हणणं होतं की जे झालं ते संमतीने झालं.

पोलिसांनी तपास केला, चार खेळाडू काही मॅचेससाठी बाहेर बसले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेनेपिन काउंटीचे सरकारी वकील माईक फ्रीमन यांनी सांगितलं की गुन्हा दाखल करण्याएवढा पुरावा नाही. पोरं परत खेळायला लागली. मग त्या मुलीने कोर्टाकडे सहा जणांविरुद्ध संरक्षणाचा आदेश मागितला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यात तडजोड झाली, त्या पोरांनी तिच्यापासून २० फूट लांब राहायचं, कसलाही संपर्क करायचा नाही. ड्रेसिंग रूमच्या हिशोबात इथे विषय संपला. पोलिसांनी सोडलं, कोर्टात मिटलं, आता काय राहिलं?

राहिलं होतं ते युनिव्हर्सिटीचं स्वतःचं चौकशी खातं. समान संधी बघणारं ऑफिस. आणि हा भाग समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही म्हणून थोडा लांबतो. अमेरिकेत १९७२ चा टायटल नाईन नावाचा कायदा आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही असं सांगणारा, आणि लैंगिक छळ हा त्याच भेदभावात धरला जातो. २०११ मध्ये ओबामा सरकारच्या शिक्षण खात्याने कॉलेजांना कडक पत्र पाठवलं की तुमची अंतर्गत चौकशी तुम्ही करायचीच, पोलिसांचं काय होतं यावर थांबायचं नाही, आणि निर्णय घेताना कसोटी ठेवायची ती "जास्त शक्यता कशाची" ही. फौजदारी कोर्टाला संशयाला जागा राहू नये इतका पुरावा लागतो. इथे तराजू थोडा जरी एका बाजूला झुकला तरी पुरे. शिवाय युनिव्हर्सिटीच्या नियमात संमती म्हणजे स्पष्ट होकार, गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली असं तिथे चालत नाही. त्यामुळे सरकारी वकील "केस होत नाही" म्हणतो आणि युनिव्हर्सिटी "नियम मोडला" म्हणते, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

आपल्याकडेही हे आहे बरं का. युजीसीचे २०१५ चे नियम आहेत, प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती पाहिजे, ९० दिवसांत चौकशी, आणि पोलिसात तक्रार झाली न झाली तरी समितीचं काम चालतं. किती क्रीडा शिक्षकांनी ते नियम वाचलेत? मी स्वतः समितीवर घेतलं गेल्यावरच वाचले, त्याआधी नव्हते वाचले, हे खरं सांगतो.

तर १३ डिसेंबर, मंगळवार. टीम हॉलिडे बोलच्या (सीझन संपल्यावर निवडक टीम्सना मिळणाऱ्या मानाच्या मॅचेसना तिथे 'बोल' म्हणतात, त्यातली ही एक) तयारीत, सॅन डिएगोला जायचंय, सीझन ८ विजय ४ पराभव, चांगलं चाललंय. आणि अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, मार्क कॉइल यांनी जाहीर केलं की १० खेळाडू टीमच्या सगळ्या कामातून सस्पेंड. कारण सांगितलं नाही. विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा आहे, त्यात त्यांना बोलता येत नव्हतं. चौकशी खात्याने पाच जणांना काढून टाका, चौघांना एक वर्ष सस्पेंड करा आणि एकाला प्रोबेशनवर ठेवा अशी शिफारस केली होती, पण टीमच्या बाकी पोरांनी हा रिपोर्ट बघितलेला नव्हता.

आता त्या पोरांच्या जागी बसून बघा. सप्टेंबरमध्ये चार जण बाहेर होते, आता एकदम दहा. त्यातले काही जण तर त्या रात्री तिथे फारसे नव्हतेच असं त्यांचं म्हणणं. वकील म्हणाला केस नाही. कोर्टात मिटलं. आणि डायरेक्टर समोर येऊन उभा राहतो आणि प्रत्येक प्रश्नाला "मला सांगता येत नाही" म्हणतो. शिवाय दहाही पोरं कृष्णवर्णीय, त्यामुळे आपल्या लोकांना वेगळी वागणूक मिळतेय ही भावना काहींच्या घरच्यांनी उघड बोलून दाखवली. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला यात अन्यायच दिसणार. मला त्या पोरांचा राग येत नाही. रिपोर्ट न वाचता त्यांनी पक्कं मत केलं ही चूक होती, पण ती त्या वयाची चूक आहे, आणि त्या वयाच्या चुका होऊ नयेत म्हणूनच वरती मोठी माणसं नेमलेली असतात ना.

१५ डिसेंबरला, गुरुवारी संध्याकाळी, टीम मॅचच्या जर्सी घालून कॅमेऱ्यांसमोर उभी राहिली. ड्रू वॉलिटार्स्की नावाच्या शेवटच्या वर्षाच्या रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूने, निवेदन वाचलं. आमच्या साथीदारांवर योग्य प्रक्रिया न होता कारवाई झाली, सस्पेन्शन मागे घ्या, माफी मागा, तोपर्यंत आम्ही फुटबॉलच्या कुठल्याही कामात भाग घेणार नाही, म्हणजे गरज पडली तर बोलची मॅचही नाही. मागे सगळी टीम उभी.

आणि त्याच रात्री क्लेज यांचं ट्विट आलं. मराठीत सांगायचं तर, आपल्या पोरांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, त्यांच्या हक्कांचा मी आदर करतो आणि जग चांगलं करण्याच्या त्यांच्या प्रयत्नाला माझा पाठिंबा आहे.

हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलंय. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पोरांना बोलायचा हक्क आहे हे कोचने म्हणणं बरोबरच आहे. अडकतो मी "जग चांगलं करण्याच्या प्रयत्नाला" इथे. कारण हे वाक्य कोण कोण वाचणार होतं? टीम वाचणार, बोर्ड वाचणार, आणि त्याच कॅम्पसवर राहणारी ती मुलगीही वाचणार, जिने तीन महिन्यांत पोलीस, कोर्ट आणि युनिव्हर्सिटी अशा तीन ठिकाणी तेच सगळं परत परत सांगितलं होतं. शंभर पोरं जर्सी घालून उभी आहेत आणि त्यांचा कोच म्हणतोय की हे जग चांगलं करतायत. तिचा त्यात उल्लेखही नाही. क्लेज यांनी नंतर सांगितलं की आपल्याला तिच्याविरुद्ध काही म्हणायचं नव्हतं, आणि मी ते खरं मानतो, वाईट माणूस नव्हता तो. पण तिचा विचारच डोक्यात आला नाही, ते जास्त बोचतं.

इथे एक वर्ष मागे जावं लागेल, कारण कोचच्या डोक्यात ते असणार असं मला वाटतं. नोव्हेंबर २०१५, मिझुरी युनिव्हर्सिटी. कॅम्पसवरच्या वंशद्वेषाच्या घटनांविरुद्ध आंदोलन चालू होतं, एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता, आणि फुटबॉल टीमच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी सांगितलं की युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट जात नाहीत तोपर्यंत आम्ही खेळणार नाही. कोच गॅरी पिंकेल यांनी सगळ्या टीमचा फोटो टाकून आम्ही एक आहोत म्हणून ट्विट केलं. मॅच रद्द झाली असती तर युनिव्हर्सिटीला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. ९ नोव्हेंबरला प्रेसिडेंट टिम वुल्फ यांनी राजीनामा दिला. दोनच दिवसांत. अख्ख्या देशातल्या खेळाडूंना कळलं की आपल्या हातात केवढी ताकद आहे, आणि कोचेसना कळलं की अशा वेळी पोरांसोबत उभं राहिलेला कोच मोठा ठरतो.

फक्त मिझुरीत पोरं एका मोठ्या सत्तेशी भांडत होती, समोर प्रेसिडेंट होता. मिनेसोटात पोरांना वाटत होतं की आपणही डायरेक्टरशी, प्रेसिडेंटशीच भांडतोय, पण त्या दोघांच्या मागे एक मुलगी होती आणि सगळा भार शेवटी तिच्यावर जात होता. बाहेरून दोन्ही बॉयकॉट सारखेच दिसतात, तीच जर्सी, तोच माईक, तीच एकी. आतून काय आहे ते बघायला वेळ लागतो, आणि क्लेज यांनी तो वेळ घेतला नाही.

शुक्रवारी, १६ तारखेला, तिथल्या एका टीव्ही चॅनलने चौकशीचा रिपोर्ट बाहेर काढला. सुमारे ८० पानं. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. एवढंच सांगतो की चौकशी करणाऱ्यांना मुलीचं म्हणणं पोरांच्या म्हणण्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटलं होतं आणि तसं का वाटलं ते तपशिलात लिहिलेलं होतं. गुरुवारी रात्री जे लोक पोरांच्या बाजूने बोलत होते त्यातले बरेच शुक्रवारी रिपोर्ट वाचून गप्प झाले. प्रेसिडेंट एरिक केलर आणि खेळाडूंची बैठक शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत चालली. इकडे बोलची मॅच धोक्यात होती, दुसरी टीम बोलवायची चर्चा सुरू झाली होती.

शनिवारी सकाळी वॉलिटार्स्की परत माईकसमोर. बॉयकॉट संपला. दहा जण सस्पेंडच राहणार, पण त्यांना निष्पक्ष सुनावणी मिळेल असं आश्वासन मिळालं. आणि या दुसऱ्या निवेदनात पोरांनी जे पहिल्यात नव्हतं ते घातलं, की बायकांवरच्या अत्याचाराला या कॅम्पसवर जागा नाही. म्हणजे बघा, गुरुवार ते शनिवार, ४८ तासांत पोरं स्वतःहून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर आली. वाचलं, बोलले, बदलले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना आपण पोरं म्हणतो ती त्या दोन दिवसांत कोचच्या पुढे निघून गेली, आणि कोचचं ट्विट मात्र गुरुवारी रात्रीच्या जागेवरच राहिलं.

२७ डिसेंबरला दहा खेळाडू नसताना मिनेसोटाने हॉलिडे बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला १७-१२ हरवलं. सीझन ९-४. २००३ नंतर इतके विजय मिळाले नव्हते. आणि ३ जानेवारी २०१७ ला क्लेज यांना काढलं, करारातले पाच लाख डॉलर देऊन. कॉइल यांनी टीमला वेगळ्या नेतृत्वाची, वेगळ्या वातावरणाची गरज आहे असं सांगितलं आणि ट्विटने मदत झाली नाही हेही बोलून दाखवलं. तीन दिवसांत पी. जे. फ्लेक नवे कोच म्हणून आले.

कोचवरच सगळं ढकलून डायरेक्टरला मोकळं सोडायचं नाही, कारण १३ तारखेची ती घोषणा फारच वाईट पद्धतीने झाली. कायद्याने तपशील सांगता येत नाही हे खरं, पण प्रक्रिया कशी असते हे सांगता येतं. "पोलिसांची चौकशी वेगळी असते, आपली वेगळी असते, हा शेवटचा निकाल नाही, यापुढे पॅनलसमोर सुनावणी आहे, प्रत्येकाला बाजू मांडता येईल", यातलं एकही वाक्य गोपनीयतेच्या आड येत नाही. हे सगळं पोरांना नीट बसवून, शांतपणे, दोन तास देऊन सांगितलं असतं तर बॉयकॉट झाला असता का, मला शंका आहे. या डिपार्टमेंटवर लोकांचा विश्वास आधीच कमी होता, आदल्या वर्षी ऑगस्टमध्येच आधीचे डायरेक्टर नॉरवूड टीग यांना लैंगिक छळाच्या तक्रारींवरून जावं लागलं होतं. कॉइल २०१६ च्या मे महिन्यात आलेले, म्हणजे टीमला नवखेच, आणि क्लेज यांना त्यांनी नेमलेलं नव्हतं. क्लेज हे आधीच्या कोचचे, जेरी किल यांचे वर्षानुवर्षांचे सहकारी, किल यांनी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये एपिलेप्सीमुळे सोडलं तेव्हा मधल्या सीझनमध्ये टीम सांभाळायला उभे राहिलेले. डायरेक्टर आणि कोच यांच्यात दोन माणसांचा जो विश्वास लागतो तो तयार व्हायला वेळच मिळाला नव्हता. पुढे युनिव्हर्सिटीने एका लॉ फर्मकडून या हाताळणीची तपासणी करून घेतली, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तो अहवाल आला, त्यात कोचेसचं नेतृत्व कमी पडलं असं म्हटलंच पण डायरेक्टरनी टीमला ज्या पद्धतीने सांगितलं त्याच्यावरही बोट ठेवलं.

मग क्लेज यांनी काय करायला हवं होतं? मी यावर खूप विचार केलाय. पोरांना गप्प बसवायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, ते चुकीचंच झालं असतं आणि पोरांनी ऐकलंही नसतं. त्यांनी स्वतः पोरांना सांगितलं होतं म्हणे की यात माझी नोकरी जाऊ शकते. म्हणजे धोका त्यांना कळत होता आणि तरी ते उभे राहिले, ही हिंमत आहे, मी ती नाकारत नाही. पण पोरांसाठी स्वतःची नोकरी पणाला लावायची तयारी असलेल्या माणसाकडे एक फार मोठी गोष्ट होती, पोरं त्याचं ऐकणार होती. तेव्हा गुरुवारी दुपारी ड्रेसिंग रूमचं दार लावून "मागणी लिहा, पण माफी मागा हे वाक्य काढा, कारण काय झालं ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही तुम्हाला सांगता येत नाही. सुनावणी नीट व्हावी एवढंच मागा. आणि तिच्याबद्दल एक ओळ घाला" इतकं म्हणता आलं असतं. शनिवारी पोरांनी जे निवेदन वाचलं ते जवळजवळ हेच होतं. ते गुरुवारीच होऊ शकलं असतं.

पाठीशी उभं राहणं आणि मागे मागे जाणं यात मला फरक दिसतो तो हाच. रेडला गेलेल्या पोराला आपण बाहेरून ओरडून सांगतो ना, मागे वळ, बोनस सोड, वेळ संपत आली, तेव्हा आपण त्याच्या बाजूनेच असतो. तो जिकडे जाईल तिकडे टाळ्या वाजवत राहिलो तर तो कोच कसला.

नंतर क्लेज यांनी लैंगिक अत्याचार झालेल्यांच्या मदतीसाठी ५० हजार डॉलर देण्याचं जाहीर केलं. काहींना तो दिखावा वाटला, मला नाही वाटला, पश्चात्ताप वाटला. २०१८ मध्ये ते वॉशिंग्टन स्टेटमध्ये डिफेन्सचे कोच म्हणून गेले, मिनेसोटाचे कोच म्हणून शेवटच्या मॅचला ज्या टीमला हरवलं होतं तिथेच. सरकारी वकिलांनी रिपोर्ट वाचून डिसेंबरअखेर परत एकदा केस बघितली आणि परत गुन्हा दाखल न करण्याचंच ठरवलं. पुढे नऊ खेळाडूंनी युनिव्हर्सिटीवर फेडरल कोर्टात दावा लावला, तो आधी फेटाळला गेला, २०२१ मध्ये अपील कोर्टाने त्यातला लिंगभेदाचा मुद्दा परत उभा केला. म्हणजे हे वर्षानुवर्षं चाललं, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांची कॉलेजची वर्षं त्यात गेली.

आणि ज्या सुनावणीसाठी पोरं उभी राहिली होती ती जानेवारीत झाली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निकाल बाहेर आला. पॅनलने दहा जणांना एका रांगेत उभं केलं नाही. चौघांना काढलं, दोघांना एक वर्ष सस्पेंड केलं, आणि चौघांवर काहीच ठेवलं नाही, सोडून दिलं. त्यावर पुढे अपीलंही झाली. गुरुवारी संध्याकाळी टीम म्हणत होती दहाच्या दहा परत घ्या, आणि बाहेरची बरीच माणसं म्हणत होती दहाच्या दहा हाकला. ती दहा वेगवेगळी पोरं आहेत, त्या रात्रीचा प्रत्येकाचा हिशोब वेगळा आहे, हे टीमने नाही म्हटलं, डायरेक्टरने नाही म्हटलं, कोचनेही नाही म्हटलं. त्या सुटलेल्या चौघांना "आमचे दहा" या घोषणेचा काय उपयोग झाला? त्यांची नावं आजही शोधली तर त्या दहाच्या यादीतच सापडतात.